गाडी भरल्याशिवाय सुई नाही

पवनानगरच्या स्टँडवर रखमाजी कालेकराची जीप उभी दिसली की नवख्या माणसाला वाटतं, ही आता निघालीच. इंजिन धडधडत असतं, रखमाजी स्टिअरिंगवर चढून बसलेला असतो, एक हात गिअरवर आणि दुसरा खिडकीबाहेर, त्याचं एक बोट वर केलेलं. "एकच सीट, एकच सीट, कामशेत कामशेत." नवखा माणूस धापा टाकत येतो, कसाबसा आत शिरतो, घाम पुसतो आणि बघतो तर बोट अजून वरच. ती एक सीट मारुतीच्या शेपटासारखी लांबतच जाते. रोजच्या माणसांना हे ठाऊक असतं. ती आधी चहा घेतात, भाजी घेतात, कुणाशी भांडायचं असेल तर भांडून घेतात आणि मग सावकाश येऊन बसतात.

गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, हा रखमाजीचा कायदा, आणि तो त्यानं जन्मात कधी मोडला नाही. एकदा एक नवरदेव मुंडावळ्या बांधून त्याच्या गाडीत बसला होता. त्याची ठरवलेली गाडी धरणाच्या कडेला बंद पडली होती आणि मुहूर्त डोक्यावर आला होता. नवरदेव रडकुंडीला आला, करवलीनं तर भोकाडच पसरलं. रखमाजी म्हणाला, "दोनच सीट बाकी हायेत," आणि खाली उतरून हॉटेलात भजी खात बसलेले दोन मासेमार दंडाला धरून घेऊन आला. लग्न लागलं. मासेमार पंगतीला जेवले, टोपी-उपरणं घेऊन परत आले, आणि ते दोघं मुलाकडचे की मुलीकडचे हे त्या दोन्ही घरांना आजतागायत कळलेलं नाही.

असा हा गडी कशाला म्हणून भीत नसे. खिंडीतल्या धुक्याला नाही, नाक्यावरच्या हवालदाराला नाही. विठाबाईला, म्हणजे बायकोला, थोडा भीत असे. पण तेवढं सगळेच भितात. सुई म्हटलं की मात्र त्याची पाचावर धारण बसे. शाळेत डॉक्टर लस टोचायला आले तेव्हा तो खिडकीतून उडी टाकून जो भातखाचरात शिरला, तो दिवेलागणीला घरी आला. मोठेपणी त्यानं पळायचं सोडलं, कारण पळण्यापेक्षा सोपं असं एक वाक्य त्याला सापडलं: "डायवरला गाडीपाशी थांबावं लागतं." करोनाच्या वर्षी त्यानं खेपांवर खेपा करून अख्ख्या पंचक्रोशीला लस टोचून आणली. म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून दवाखान्याच्या पायरीपर्यंत नेलं, "काई होत न्हाई, मुंगी चावल्यावानी वाटतं" म्हणून धीर दिला, आणि स्वतः गाडीपाशी थांबला. सगळ्यांची समजूत अशी की रखमाभाऊंनी पहिल्या खेपेलाच टोचून घेतलं असणार. रखमाजीनं कुणाची समजूत मोडली नाही.

हे "मुंगी चावल्यासारखं" ज्या कुणी पहिल्यांदा म्हटलं असेल, त्याला खरं तर एकदा वारुळावर बसवायला हवं. पण ते असो.

ईश्वरी ही रखमाजीची पाच वर्षांची नात. तिचा बाप, म्हणजे रखमाजीचा मुलगा कैलास, ट्रेलर घेऊन गुजरातेत जातो, तो कधी येईल ते ट्रेलरलाच ठाऊक. आई सविता तळेगावच्या कंपनीत पहिल्या पाळीला. म्हणून पोरगी वाढली ती आजोबाच्या जीपमध्ये. तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'आई' नाही, 'आजी' नाही, 'काम्शेत', आणि विठाबाईनं त्याचा राग अजून सोडलेला नाही. चालता येऊ लागल्यापासून ईश्वरी ड्रायव्हरच्या शेजारी उभी राहून माणसं भरते. "मावशी, सरका. भाऊ, मांडी आवळा. हितं अजून एक बसतो." भली भली माणसं तिच्या शब्दाबरोबर आकसतात.

ही अशी पोरगी यंदा हळूहळू फिकी पडत चालली. खेळताखेळता मध्येच खाली बसे. जीपच्या पायरीवर चढायला हात पुढे करी. पाटीवरच्या पेन्सिली खाताना विठाबाईनं तिला दोनदा पकडली, आणि पडवीच्या भिंतीचा एक कोपरा पोरीनं चाटून चाटून गुळगुळीत केला होता. लोणावळ्याच्या डॉक्टरबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि सविताला म्हणाल्या, "रक्त तपासल्याशिवाय मी औषध देणार नाही. आणि जरा लवकर करा."

त्यातला 'लवकर' हा शब्द रखमाजीच्या मनात रुतून बसला. डॉक्टर माणूस उगाच लवकर म्हणत नाही, असं त्याला वाटे. कसला आजार असेल, काय असेल, याचे त्याच्या डोक्यात नाही नाही ते विचार येत. ते तोंडानं उच्चारले तर खरे होतील या भीतीनं तो गप्प राही, आणि गप्प रखमाजी बघायची सवय नसल्यामुळे घरातली माणसं आणखी घाबरत.

मग त्यानं एक घोडचूक केली. सविताच्या कंपनीजवळ तळेगावात एक लॅब होती. तिथं जायच्या दिवशी ईश्वरीनं विचारलं, "आबा, कुटं चाललोय?" आणि रखमाजीनं उचलली जीभ लावली टाळ्याला. "फोटू काडायला. आधार कार्डाचा."

पोरगी हरखली. झालरीचा फ्रॉक चढवला, दोन वेण्यांना दोन रिबिनी, तोंडाला एवढी पावडर की विठाबाईला भाकरी थापायला पीठ उरलं का ते बघावं लागलं. लॅबच्या खुर्चीवर ती ऐटीत बसली, हनुवटी वर केली आणि समोरच्या भिंतीकडे बघून गोड हसली. कॅमेरा कुठं आहे ते तिला दिसत नव्हतं, पण शहरातले कॅमेरे लपवलेले असतात असं तिला वाटलं असावं. तेवढ्यात कुणीतरी दंडाला पट्टा आवळला आणि सुई पुढे आली.

पुढं जे झालं ते सविता सांगते तेव्हा अजून हसू की रडू असं तिला होतं. पोरगी लॅबवाल्याच्या मनगटाला चावली. नळ्यांचा स्टँड खाली आला. फ्रॉकची झालर खुर्चीत अडकून फाटली. रक्ताचा थेंब काही मिळाला नाही. मिळालं ते लॅबवाल्याचंच. आणि या सगळ्या वेळात ज्यानं पोरीला मांडीवर घेऊन बसायचं तो आजोबा खाली, गाडीपाशी थांबलेला होता.

ईश्वरी जिना उतरून आली. नेहमीसारखी पुढं चढली नाही, मागच्या बाकावर जाऊन बसली. रडली नाही की आरडाओरडा केला नाही. "तू खोटं बोलला," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून आजोबाच्या शब्दाला तिच्या लेखी किंमत उरली नाही. "जेवायला चल, आमरस हाय," असं रखमाजी म्हणाला की ती आधी आत जाऊन पातेल्यात डोकावून येई. "ऊन झालंय, टोपी घाल," म्हटलं की अंगणात जाऊन खात्री करी. आणि सगळ्यात जिव्हारी लागायचं ते हे, की गाडी थांबल्यावर रखमाजीनं "कामशेत आलं" म्हटलं की ती मागं वळून एखाद्या प्रवाशाला विचारी, "काका, हे कामशेतच हाय का?" आयुष्यभर त्याच रस्त्याला गाडी चालवणाऱ्या माणसाच्या गाडीत. गाडीतली माणसं पोट धरधरून हसत. रखमाजीही हसे. पण ते हसू ओठांवरचं होतं. आतून त्याला फार वाईट वाटत होतं, इतकं की एका दुपारी जेवताजेवता त्यानं ताट सारून दिलं.

"पोरीचा इस्वास उडाला माज्यावरचा," तो म्हणाला.

"मंग खोटं कशापायी बोलला तुमी?" विठाबाई म्हणाली. "आता रुसून काय उपेग? खरं बोला म्हंजी झालं."

बोलायला सोपं होतं. रखमाजीनं मनाशी शपथ घेतली की आता नातीच्या कानावर खोटा शब्द पडू द्यायचा नाही. पण नात बसायची गाडीत, आणि गाडी चालायची 'एकच सीट'वर. दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्यानं खिडकीबाहेर हात काढला, शेजारच्या ईश्वरीकडे पाहिलं आणि ओरडला, "आठ सीट, आठ सीट बाकी, कामशेत." एक माणूस फिरकला नाही. आठ सीट बाकी असलेल्या गाडीत कोण बसतं? सगळे चहाच्या टपरीवर जाऊन गंमत बघत उभे राहिले. गोरख म्हणून एक दुसरा जीपवाला होता, तो तर म्हणाला, "रखमाभाऊ, देवाची माळ घातली का काय?" पण रखमाजी ढळला नाही.

अशा परिस्थितीत पुन्हा रक्त काढायचा दिवस आला. यावेळी लोणावळ्याला, डॉक्टरबाईंच्या दवाखान्याजवळच्याच लॅबमध्ये. सवितानं रजा टाकली होती. मे महिना होता, सकाळीच ऊन तापलं होतं. जीप दुधिवरे खिंड चढू लागली तशी ईश्वरीनं विचारलं, "कुटं चाललोय?"

"लोणावळ्याला गं. तिथं ना, मस्त..." सवितानं सुरुवात केली.

"रगत काडायला," रखमाजी म्हणाला.

सवितानं डोळे वटारले. ईश्वरी आईकडे वळली. "खरं?"

"व्हय," सविता नाइलाजानं म्हणाली.

गाडीत आता काहीतरी फुटणार म्हणून दोघांनी अंग चोरलं. पण काही फुटलं नाही. पोरगी खिडकीतून बाहेर बघत राहिली. खिंड उतरेपर्यंत तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही, आणि आरडाओरडा परवडला पण ही शांतता नको, असं सविताला झालं.

लॅब बाजाराच्या मागच्या गल्लीत होती. आत भिंतीला लागून दोन बाकडी, मधे रक्त काढायची खुर्ची, तिला हात टेकायला फळी. संगीता नावाची पांढऱ्या कोटातली बाई पंख्याखाली बसून डबा उघडण्याच्या बेतात होती. गिऱ्हाईक एक नाही. सविताला हायसं वाटलं. गर्दी नाही, पटकन उरकेल.

ईश्वरी उंबऱ्यात थांबली. तिनं डावं बाकडं पाहिलं, उजवं पाहिलं, खुर्ची पाहिली. मग हाताची घडी घालून म्हणाली, "गाडी भरली न्हाई."

"काय?" संगीता म्हणाली.

"भरल्याबिगर सुटत न्हाई."

दुसरा कुणी आजोबा असता तर हसला असता, नाहीतर धपाटा घातला असता. रखमाजी गंभीर झाला. पोरगी बोलत होती ते शंभर टक्के बरोबर होतं. ज्या कायद्यासाठी त्यानं बोहल्यावर चढायला निघालेला नवरदेव ताटकळत ठेवला, तो कायदा आज स्वतःच्या नातीनं पुढं केल्यावर मागं कसं फिरायचं? आणि खरं सांगायचं तर त्याला आत कुठंतरी उकळ्याही फुटल्या होत्या. पोरगी 'नाही' म्हणाली नव्हती. ती फक्त 'अजून नाही' म्हणाली होती.

"थांब," तो म्हणाला. "भरतो."

"आबा, आहो कुटं निगाला?" सविता म्हणाली. पण आबा गल्लीत पोचले होते आणि त्यांचं बोट वर झालं होतं.

"चला, लॅब लॅब लॅब. बसायला जागा हाय. भरली की लगीच सुटंल."

लोणावळ्याच्या बाजारात माणसाला कशासाठीही बोलावलं तरी तो वळून बघतो, कारण तिथं आलेल्या निम्म्या माणसांना आपण पुढं काय करायचं हेच ठरवता आलेलं नसतं. पहिले थांबले ते तुंगार्लीचे एक आजोबा, डोक्यावर टोपी, हातात काठी आणि दुधाची पिशवी. "मोफत आहे का?" त्यांनी विचारलं.

रखमाजीला शपथ आठवली. "बसायचं मोफत हाय," तो म्हणाला.

आजोबांनी फक्त शेवटचे दोन शब्द ऐकले. फुकट ते पौष्टिक हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. 'मोफत तपासणी शिबिर' ही बातमी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकाला जायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात एक बाकडं भरलं. फिरायला आलेलं एक जोडपं आलं, दोघांच्या टी-शर्टवर मिळून एक बदाम, अर्धा त्याच्या छातीवर, अर्धा तिच्या. शेजारच्या सलूनमधून एक गिऱ्हाईक आलं, निम्मी दाढी झालेली, गळ्यात टॉवेल तसाच, गालावर फेस. त्याच्या मागोमाग त्याला शोधत वस्तरा घेऊन न्हावी आला. आणि सगळ्यात शेवटी डोक्यावर करवंदांची टोपली घेऊन ठाकरवाडीची बाया नावाची बाई आली. तिला तपासणीबिपासणी काही नको होती. आत पंखा होता म्हणून ती आली.

"अहो, हा काय एसटी स्टँड आहे का?" संगीता उभी राहिली. "एका मुलीचं रक्त काढायचंय. तुम्ही सगळे कोण?"

"पॅसेंजर," ईश्वरी म्हणाली.

आणि ती कामाला लागली. फिकुटलेलं तिचं तोंड बघताबघता उजळलं. "आजोबा, सरका. काका, मांडी आवळा. मावशी, टोपली खाली नको, मांडीवर घ्या. हितं अजून एक बसतो." तुंगार्लीचे आजोबा म्हणाले की आपण नेव्हीत होतो आणि आपल्याला असं कुणी सरकवलेलं नाही, आणि एवढं बोलून ते सरकले. बदामवाल्या जोडप्याला तिनं वेगवेगळ्या बाकड्यांवर बसवलं, कारण तसं बसवल्यानं माणसं जास्त मावतात हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. न्हाव्यानं दाटीवाटीत बसल्याबसल्या गिऱ्हाइकाची उरलेली दाढी करायला घेतली. संगीतानं डबा बाजूला सारला. सवितानं कपाळाला हात लावला तो काढलाच नाही.

"भरली," रखमाजी दारातून म्हणाला. घामानं निथळत होता, पण खूश होता.

ईश्वरीनं एकदा सगळीकडे नजर फिरवली. मग मधल्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. "डायवर कुटंय?"

रखमाजी दारातच अडला. "बाळा, डायवरला गाडीपाशी..."

"गाडी हीच हाय."

बाकड्यांवर खसखस पिकली. रखमाजीनं सविताकडे पाहिलं, की निदान ही तरी सोडवेल. सविता म्हणाली, "बाई, यांचंही घ्या. साखरेची तपासणी करा. जन्मात केलेली न्हाई." सुनेनं डाव साधला होता, आणि तिचा चेहरा अगदी साळसूद होता.

रखमाजी खुर्चीत बसला. हात फळीवर ठेवला, काढून घेतला, परत ठेवला. संगीतानं पट्टा आवळला. आता बाकड्यांवरून सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे श्वास रोखा, कुणी म्हणे सोडा, न्हावी म्हणे मान सरळ ठेवा. बायानं टोपलीतलं एक काळंभोर करवंद त्याच्या तोंडात कोंबलं. "टोचंल तवा चाव," ती म्हणाली. ईश्वरी पुढं झाली, तिनं त्याचा दुसरा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "आबा, हालू नको. सुईकडं नको, माज्याकडं बघ."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. सुई गेली. रखमाजी असा ओरडला की सलूनच्या दारातलं कुत्रं उठून गल्लीबाहेर गेलं.

"झालं," संगीता म्हणाली.

ईश्वरीनं त्याचा हात सोडला नव्हता. तिनं खाली वाकून कापसाकडे पाहिलं, मग त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं, "दुखलं?"

सगळी खोली रखमाजीकडे बघू लागली. सविता पोरीच्या मागून मान हलवून 'नाही म्हणा, नाही म्हणा' असं खुणावत होती. तुंगार्लीच्या आजोबांना दम निघाला नाही. "छे छे, काही दुखत नाही बाळ, मुंगी चावल्यासारखं," ते म्हणाले. संगीतानंही डोळ्यांनी तेच सांगितलं. एक शब्द, आणि पोरगी खुर्चीत बसेल. डॉक्टरबाईंचा 'लवकर' त्याच्या कानात वाजत होता. रखमाजीच्या जिभेवर तो शब्द आलाही होता. गेली कित्येक वर्षं तो तिथंच राहायला होता.

"दुखलं," तो म्हणाला. "लय दुखलं. टोचताना दुखतं, मंग थांबतं. आता न्हाई दुखत. तुला बी दुखंल. वराडायचं तेवडं वराड, मी बी वराडलो. हात तेवडा हालवू नको, म्हंजी एकदाच टोचावं लागंल."

सवितानं डोळे मिटून घेतले. आता गेलं सगळं, असं तिला वाटलं.

ईश्वरी विचार करत होती. खालचा ओठ बाहेर आला, थरथरला. तिनं आजोबाच्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. मग ती त्याच्या मांडीवर चढली, पाठ त्याच्या छातीला टेकवली आणि बारीकसा हात फळीवर ठेवला. "तू धर," ती म्हणाली.

रखमाजीनं तिला कवेत घेतलं. ती सुई लागायच्या आधीच रडायला लागली, लागल्यावर तिनं आवाज चढवला, 'आये, आये, दुखतंय' म्हणून अख्खी लॅब दणाणून सोडली, पण हात हलवला नाही. तसूभरही नाही. गालावरून पाणी वाहतंय, छाती हुंदक्यांनी उडतेय आणि फळीवरचा तो एवढासा हात जागच्या जागी. रखमाजीनं यावेळी सुईवरून नजर वळवली नाही. नळीत लाल धार चढताना तो बघत राहिला, आणि त्याला पोरीचा इतका अभिमान वाटला, की स्वतःच्या हातावरचा कापूस खाली पडून बाहीला रक्त लागलंय हे त्याला कळलंच नाही.

"झालं," संगीता म्हणाली.

रडणं मध्येच तुटलं. "झालं?" ईश्वरीनं विचारलं. नळीकडे पाहिलं. "एवडंसंच?"

मग जी हशा-टाळ्यांची धमाल उडाली, तिच्यात बायाची टोपली कलंडली आणि करवंदं लॅबभर धावली. नेव्हीवाले आजोबा गुडघ्यांवर बसून ती वेचत होते. अर्धा बदाम दुसऱ्या अर्ध्याला शोधत होता. अर्ध्या दाढीवाला, आता पुरती झालेला, संगीताला विचारत होता, "माझा नंबर कधी?" आणि संगीता विचारत होती, "तुमचा कसला नंबर?" शिबिरबिबिर काही नाही हे हळूहळू सगळ्यांना कळलं. आजोबा जरा तडकले. पण ईश्वरी खुर्चीवरून उतरली, हातावरची पट्टी सगळ्यांना दाखवत फिरली आणि म्हणाली, "चला, बाहेर चला. भरली की सुटायला पायजे."

आता यावर काय बोलणार? सगळे जाऊन जीपमध्ये बसले. संगीतासुद्धा क्षणभर दारापर्यंत आली आणि मग कोट आठवून मागं फिरली. कुठं जायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आजोबांना तुंगार्लीला सोडायचं ठरलं. भर उन्हात जीप तुंगार्लीच्या तळ्यापर्यंत गेली. वाटेत आजोबांनी दुधाची पिशवी फोडून सगळ्यांना घोट घोट दूध प्यायला लावलं, कारण रक्त गेलंय म्हणाले, आणि कुणाचं गेलंय हे बघायच्या भानगडीत ते पडले नाहीत. न्हाव्याला सलून उघडं टाकल्याची आठवण झाली तेव्हा गाडी तळ्याला वळसा घालून परत निघाली होती. पोरगी पुढं ड्रायव्हरच्या शेजारी उभी होती.

चार वाजता डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला. रखमाजी खुर्चीच्या कडेवर बसला होता.

"अंगात रक्त कमी आहे, लोह कमी पडलंय," त्या म्हणाल्या. "त्यामुळंच ती पेन्सिली खात होती. औषधानं भरून येईल. घाबरण्यासारखं काही नाही, आजोबा."

रखमाजीनं ते दोनदा म्हणवून घेतलं. मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही. त्याची स्वतःची साखर अगदी बरोबर निघाली होती, पण ती विचारायचं तो विसरूनच गेला, सवितानं विचारली.

निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "औषध लागू पडतंय का ते बघायला दोन महिन्यांनी परत रक्त तपासू." ईश्वरी तेव्हा दाराशी खेळत होती. तिनं ऐकलं की नाही, हे तिच्या तोंडावरून कळेना.

परतीच्या वाटेवर ती दोघांच्या मधे बसली होती. औषधाची बाटली तिनं मांडीवर धरली होती. खिंडीचा चढ लागला तेव्हा ती म्हणाली, "आबा, परत टोचायचंय?"

सवितानं घाईघाईनं तोंड उघडलं. "न्हाई गं, आता कशाला..."

"व्हय," रखमाजी म्हणाला. "परत टोचायचंय. दोन महिन्यांनी."

ईश्वरीनं आईकडे वळून पाहिलं नाही. 'खरं?' म्हणून विचारलं नाही. नुसती मान हलवली आणि समोर रस्त्याकडे बघत राहिली. रखमाजीनं गिअर बदलला.

"तवा बी आदी तूच बसशील ना खुर्चीत?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

सविता खिडकीबाहेर तोंड करून हसू दाबत होती. रखमाजीला डझनभर उत्तरं सुचली, एकाहून एक सोयीची. मग त्यातलं एकही न देता तो म्हणाला, "व्हय."

"बरं," ईश्वरी म्हणाली, आणि त्याच्या दंडाला डोकं टेकून झोपी गेली.